नन्स आणि मुलींचे शिक्षण : 'कॉन्व्हेंट' या शब्दामागचा इतिहास

गाझियाबादच्या वसाहतींतून फिरलात तर नावात 'कॉन्व्हेंट' असलेल्या खासगी शाळांच्या पाट्या तुम्हाला दिसतील. त्यांतील अनेक शाळांचा कोणत्याही ननशी संबंध नसतो. विदर्भात तर लहान मुलांच्या इंग्रजी बालवर्गालाच 'कॉन्व्हेंट' म्हणतात. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात धर्मभगिनींचा मठ. मठाचे नाव शाळेला कसे चिकटले, ते या पाठात पाहू.

सुरुवात

गाझियाबादपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आग्रा आहे. 'जीझस अँड मेरी' या संघाच्या नन्स १८४२ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरातून तेथे आल्या आणि त्यांनी मुलींची शाळा काढली. त्याच सुमारास आयर्लंडहून आलेल्या लोरेटो भगिनींनी कोलकात्यात काम सुरू केले. पुढे 'जीझस अँड मेरी'च्या शाळा मुंबई व पुण्यातही निघाल्या.

येथे एक गल्लत टाळा. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांची पुण्यातील शाळा १८४८ ची आहे, म्हणून कॉन्व्हेंट शाळा 'आधीच्या' ठरतात. पण सुरुवातीच्या कॉन्व्हेंट शाळांत प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन मुली शिकत. फुले दांपत्याने दार उघडले ते येथल्या समाजातील मुलींसाठी. दोन्ही कामांचे मोल वेगवेगळे आहे.

त्या टिकल्या का?

त्या काळी मुलींच्या शिक्षणात मोठी अडचण होती. पालकांना मुलींसाठी शिक्षिका हवी असे. पण मुली शिकतच नसल्याने शिक्षिका मिळत नसत. १८६६ मध्ये भारतात आलेल्या मेरी कार्पेंटर यांनी शिक्षिका-प्रशिक्षणाचा आग्रह धरला तो यामुळेच. नन्सच्या संघाकडे मात्र शिकवणाऱ्या स्त्रिया आधीपासूनच होत्या.

दुसरे कारण पैशाचे. फुल्यांच्या शाळांना १८५७ नंतर निधी पुरेना. नन्स अविवाहित राहत आणि स्वतःसाठी पगार घेत नसत. एक भगिनी गेली तर संघ दुसरी पाठवी. संस्था एका व्यक्तीच्या आयुष्यावर अवलंबून नव्हती. त्यातच १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली.

तिसरे कारण सहसा नजरेतून सुटते. मुख्याध्यापिका, वसतिगृह-प्रमुख, हिशेब पाहणारी, सगळ्या स्त्रियाच. कारभार चालवणारी बाई मुलींना रोज डोळ्यांसमोर दिसे. सेक्रेड हार्ट संघाने १९४० मध्ये मुंबईत सोफिया महाविद्यालय काढले, तर १९६८ मध्ये दिल्लीत जीझस अँड मेरी महाविद्यालय सुरू झाले. हाच नमुना असा उच्च शिक्षणापर्यंत पोहोचला.

मर्यादा

या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अनेक ठिकाणी फी भरणाऱ्या मुलींसाठी एक शाळा आणि गरीब किंवा अनाथ मुलींसाठी वेगळी, अशी विभागणी होती. इंग्रजी ही प्रतिष्ठेची खूण बनली. लग्नाच्या जाहिरातींत 'कॉन्व्हेंट-शिक्षित वधू हवी' असे छापून येऊ लागले. ज्या शिक्षणाने मुलीला स्वतःच्या पायावर उभे करायचे, तेच तिचे स्थळ म्हणून मोल ठरवू लागले.

ही दरी नन्सनाही जाणवली. कोलकात्यातील लोरेटो सियालदह शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी १९७९ पासून गरीब मुलींना मोठ्या संख्येने विनाशुल्क प्रवेश दिला आणि दोन्ही थरांतील मुलींना एकाच वर्गात बसवले.

निष्कर्ष

आता गाझियाबादची ती पाटी पुन्हा वाचा. अनेक शाळांनी कॉन्व्हेंटचे नाव, गणवेश आणि इंग्रजी घेतली. संस्था स्त्रियांनी चालवायची, ही मूळची गोष्ट मात्र नावाबरोबर आपोआप येत नाही. नन्सचा प्रभाव मोजताना पाट्या मोजू नका. निर्णय कोण घेते ते पाहा.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या गावातील मुलींच्या सर्वांत जुन्या शाळेचा कारभार आरंभी कोणाच्या हाती होता? आज तो कोणाच्या हाती आहे?