गुरुत्वमापन आणि दख्खनच्या पाषाणाखालील भूगर्भ : हिंगोलीच्या निमित्ताने

दिनांक २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यास भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता ४.५ नोंदली गेली. त्याच वर्षीच्या १० जुलैस तितक्याच तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. वसमत, कळमनुरी व औंढा नागनाथ या तालुक्यांतील काही गावांना, विशेषतः पांगरा शिंदे परिसराला, हा अनुभव सर्वस्वी नवा नव्हता. जमिनीतून येणारे गूढ आवाज तेथील लोक त्याआधी काही वर्षे ऐकतच होते. पायाखाली काय आहे, हा प्रश्न अशा गावात केवळ जिज्ञासेचा राहत नाही. रात्री घरात निजावे की अंगणात, हे त्याच्या उत्तरावर ठरते. तथापि जेथे डोळा पोहोचत नाही तेथील वृत्तांत मिळवण्याची मनुष्याची साधने थोडीच आहेत, आणि त्यांतील एकाचा, म्हणजे गुरुत्वमापनाचा, इतिहास याच पठाराशी निगडित आहे.

पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हा विचार भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणीत मांडला होता. त्यावरून त्यांस न्यूटनचे पूर्वसूरी ठरवण्याचा उत्साह अनेकांना आवरत नाही. परंतु त्या विवेचनात आकर्षणाचे मापन नाही, आणि येथे प्रश्न मापनाचाच आहे.

विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासनजीक पायारेषा मोजून ज्या सर्वेक्षणास आरंभ केला, त्याची प्रमुख त्रिकोणमाला सुमारे ७८ अंश रेखांशाच्या अनुरोधाने, बीदरजवळच्या दामरगिड्यावरून वऱ्हाडाकडे, म्हणजे आजच्या हिंगोलीच्या पूर्वेकडून उत्तरेस गेली. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, तेव्हा एक विलक्षण विसंगती आढळली. कल्याणपूर व कलियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर ताऱ्यांवरून काढले तर एक येई, जमिनीवर मोजले तर दुसरे. फरक होता ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरचा. एव्हरेस्टने तो मोजणीतील दोष मानून वाटून टाकला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी मात्र १८५५ मध्ये निराळी शंका घेतली. हिमालयाचा प्रचंड राशी ओळंब्याला आपल्याकडे खेचत असला पाहिजे, असे म्हणून त्यांनी त्याचे गणित मांडले. आणि उत्तर आले १५.८८५ विकला. म्हणजे पर्वताने जितके ओढावयास हवे, त्याच्या एक तृतीयांशच तो ओढत होता!

हे उत्तर चुकलेले नसून अपुऱ्या समजुतीवर उभे आहे, हे जॉर्ज एअरीने त्याच वर्षी ओळखले. त्याच्या मते पर्वतांना मुळे असतात. हलके भूकवच खालच्या जड द्रव्यावर तरंगते आणि जितका पर्वत उंच तितके त्याचे मूळ खोल. प्रॅटने १८५९ मध्ये दुसरा तोडगा सुचवला : पायथ्याची खोली सर्वत्र सारखीच, फक्त उंच भूभागाखालचे द्रव्य विरळ. दोन्ही कल्पनांनी आकडे जुळतात. ओळंबा आणि लंबक वस्तुमानाची तूट सांगतात, ती तूट कोणत्या आकाराची हे सांगत नाहीत. पृष्ठभागावरील एकच गुरुत्व भूगर्भातील अनेक रचनांशी सुसंगत ठरते, ही या शास्त्राची जन्मजात मर्यादा होय.

कॅप्टन जेम्स बॅसेव्ही याने १८६५ पासून लंबक घेऊन याच रेषेवरील ठाण्यांवर गुरुत्व मोजले. उंच प्रदेशातही तेच आढळते का, हे पाहण्यासाठी तो लडाखमधील मोरे येथे, सुमारे १५,४०० फुटांवर गेला, आणि त्याच मोहिमेत १७ जुलै १८७१ रोजी वारला. हिमालयाखालचे द्रव्य विरळ आहे, या मतास त्याच्या मापनांनी आधार दिला.

याहून खोल जावयाचे तर लंबक पुरत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात सेवा केलेल्या रिचर्ड ओल्डहॅमने १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासावरून पृथ्वीस निराळा गाभा आहे असे दाखवले. त्या गाभ्याच्या जडपणामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. पृथ्वी सर्वत्र सारख्या घनतेची असती तर खाली जावे तसे गुरुत्व एकसारखे घटले असते. प्रत्यक्षात प्रावरणातून ते बहुतांशी स्थिर राहून २,८९० किलोमीटर खोलीवर पृष्ठभागापेक्षा किंचित अधिक होते, आणि तेथून केंद्राकडे शून्यापर्यंत उतरते. दाब मात्र केंद्राशीच सर्वाधिक, सुमारे छत्तीस लक्ष वातावरणांइतका असतो. वजन नाहीसे होते तेथेच भार पराकोटीस पोहोचतो, कारण वरच्या साऱ्या थरांचे ओझे तेथे एकवटलेले असते.

हिंगोलीचा प्रश्न मात्र इतका खोल नाही; तो वरच्या काही किलोमीटरांचा आहे. तेथील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली काय, हे त्याने झाकून टाकले आहे. कृष्ण ब्रह्मम् व नेगी यांनी १९७३ मध्ये कोयना व कुर्डुवाडी येथील गुरुत्वन्यून पट्ट्यांवरून पाषाणाखाली गाडलेल्या खचदऱ्या असाव्यात असे प्रतिपादन केले. कल्पना मोहक होती. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने हजारो बळी घेतल्यावर तेथे ६१७ मीटरपर्यंत विंधन झाले : बेसाल्ट ३३८ मीटर, त्याखाली गाळाचा थर अवघा ८ मीटर, आणि मग प्राचीन स्फटिकी खडक. निदान त्या जागी तरी जाड गाळाने भरलेली दरी नव्हती. कोयनेच्या खोल विंधनात बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली.

गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी याच जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळची जागा निवडली गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंच्या टोकांशी असलेले आरसे प्रोटॉनच्या सहस्रांशाहूनही कमी हालचाल दाखवतात. जमिनीचे हादरे त्या आरशांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून ते टांगून ठेवता येतात. परंतु भूकंपलहर जाताना खालच्या खडकाची घनता क्षणमात्र बदलते, आणि त्या बदललेल्या वस्तुमानाची ओढ आरशावर पडतेच. ती अडवील असा पडदा नाही. प्रॅटला जो ओळंबा हिमालयाकडे झुकलेला दिसला, त्याचेच हे अतिसूक्ष्म रूप होय. फरक इतकाच की हिमालय स्थिर होता, आणि पांगरा शिंदेखालचा खडक हलतो आहे.