काय होतंय तुम्हाला?

दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न हाच असतो. आपणही दोन-तीन शब्दांत उरकतो: ताप आहे, पोट बिघडलंय, दम लागतोय. या दोन-तीन शब्दांना एक इतिहास आहे, आणि मला तो भारी आवडतो. म्हणून आज त्याबद्दल.

गोष्ट न्यूयॉर्कची. ऑगस्ट १९९९ मध्ये क्वीन्समधल्या फ्लशिंग हॉस्पिटलात डॉ. डेबोरा ॲस्निस यांच्याकडे मेंदूला सूज आलेले दोन रुग्ण होते. स्नायूंतली ताकदही गेलेली. हे काही नेहमीचं नाही, असं वाटून बाईंनी सरळ शहराच्या आरोग्य खात्याला फोन लावला. वेस्ट नाईल विषाणू अमेरिकेत पोचलाय हे त्यातूनच पुढे उघड झालं.

मग ११ सप्टेंबर २००१. आता कुणी रोगजंतू सोडले तर? या धास्तीने शहरातल्या १५ इमर्जन्सी विभागांत (आपण कॅज्युअल्टी म्हणतो तेच) सीडीसीची माणसं रात्रंदिवस बसवली. प्रत्येक रुग्णामागे एक फॉर्म! महिनाभर हे चाललं, त्यातच अँथ्रॅक्सची पत्रं आली. पण अशी माणसं किती दिवस बसवणार?

नोव्हेंबर २००१ पासून साधी युक्ती निघाली. रुग्णाची तक्रार कॉम्प्युटरवर तशीही टाइप होतेच, मग तीच यादी रोज खात्याकडे पाठवायची. वय, पिनकोड, तक्रार; नाव नाही. प्रोग्रॅम त्याचे गट पाडतो (ताप, श्वास, जुलाब, उलट्या) आणि कालचा आकडा आधीच्या दिवसांशी ताडून बघतो. पहिल्या वर्षभरात ३९ विभागांतल्या सुमारे २५ लाख भेटी अशा नोंदल्या गेल्या.

सापडलं काय? फ्लूची लाट, आणि नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाब. ज्याच्यासाठी सापळा लावला तो वाघ आलाच नाही, रोजची मांजरं मात्र मोजून मिळाली :) १४ ऑगस्ट २००३ ला वीज गेली, फ्रिज बंद पडले, आणि पाठोपाठ जुलाबाचा आकडा चढला. चौकशीत मांस-मासळीचं खाणं निघालं. आता सांगा, हे कुणी एरवी मोजलं असतं?

पण एक खोच आहे. ॲस्निसबाईंचे ते दोन रुग्ण या यंत्राला दिसलेच नसते असं मला वाटतं. रोजच्या हजारोंच्या यादीत दोन म्हणजे काहीच नाही. लाट यंत्राला कळते, विचित्र माणूस डॉक्टरलाच कळतो. त्यामुळे यंत्र आलं म्हणून फोन उचलणारा माणूस काढू नये, हे माझं पक्कं मत.

असो. मार्च २०२० मध्ये तपासणीचे किट पुरत नव्हते. कोणाला कोविड आहे, हे नीट कळायला मार्ग नव्हता. तेव्हा या यादीत फ्लूसारख्या तक्रारींची रेघ वर चढत होती, आणि फ्लूचा हंगाम तर उतरणीला लागला होता.