लस दिसते, झोप दिसत नाही

माझं गाव शहापूर, भंडाऱ्याजवळचं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं आणि आमच्या शेजारची एमबीबीएसची मुलगी होस्टेलवरून घरी आली. दिवसभर मोबाइलवर लेक्चर, रात्री तीनपर्यंत जाग. पेशंटला हात न लावता डॉक्टर व्हायचं कसं, हीच धास्ती.

अशी धास्ती जुनीच. ऑक्टोबर 1896 मध्ये प्लेगवर लस शोधायला हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात त्याची प्रयोगशाळा. तीन महिने अखंड काम. त्यात एका सहाय्यकाचं मानसिक संतुलन ढळलं, दोघे काम सोडून गेले. 10 जानेवारी 1897 ला हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली. ही तारीख इतिहासात ठळक आहे, ते तिघे मात्र एका ओळीत संपतात.

मे 2021 मध्ये केंद्र सरकारने इंटर्नना कोविड ड्यूटीवर घ्यायचं ठरवलं. 100 दिवस भरले की सरकारी भरतीत प्राधान्य! दिवस मोजले, झोप कुणी मोजली?

आम्ही साध्या सर्व्हरसाठीही रात्रपाळ्या आळीपाळीने लावतो, कारण जागलेला माणूस चुकतो. मग शिकाऊ डॉक्टरांच्या ड्यूटीच्या तक्त्यात विश्रांतीचा रकाना का नको? पुढच्या साथीची वाट कशाला बघायची?