पार्किंग नक्की कोणाचं?

तर झालं असं, की गेल्या शनिवारी सकाळी पोहे खात होतो आणि वॉचमन सोसायटीची चिठ्ठी घेऊन आला. "आपण आपली चारचाकी शेजारील सभासदांच्या जागेत लावत असल्याची लेखी तक्रार आली आहे, तरी..." वगैरे वगैरे. मला निगडी प्राधिकरणात भाड्याने राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेत. तक्रार करणारे कोण, तर समोरच्या दारातले काका. रोज जिन्यात हसून "काय, निघालास का?" विचारणारे! मला सांगायचं सोडून थेट सेक्रेटरीकडे? डोकंच फिरलं.

घरमालकांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, ते पार्किंग आपलंच आहे. बिल्डरला वेगळे पैसे मोजलेत, पावती आहे माझ्याकडे. बिनधास्त लाव."

आता खाली जाऊन भांडणारच होतो. पण डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय बग क्लोज करायचा नाही, ही कामाची सवय आडवी आली. शनिवार-रविवार वाचण्यात गेला, आणि प्रकरण फारच जुनं निघालं.

मुळात हे गाव वसलं कसं ते बघा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. कारखाने आले तशी माणसं आली, आणि माणसांना घरं हवी होती. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण. आखीव रस्ते, नंबर दिलेले सेक्टर, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट. (म्हणजे इथे प्लॉटचा मालकसुद्धा एका अर्थी भाडेकरूच! मला जरा बरं वाटलं.) २०२१ मध्ये प्राधिकरण बरखास्त होऊन त्याचा कारभार पीएमआरडीए आणि महापालिकेत वाटला गेला, पण पत्ता सांगताना आजही सगळे "प्राधिकरणात" असंच म्हणतात.

इथे राहायला येणारा माणूस कंपनीच्या बसने नाहीतर सायकलने कामावर जायचा. स्कूटर हे स्वप्न होतं. बजाजचा इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. म्हणजे प्राधिकरण आणि चेतक एकाच वर्षीचे! पण लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, त्यामुळे बुकिंग केल्यावर नंबर लागायला दहा-दहा वर्षंही लागायची. कारखाना शेजारच्या गावात, आणि स्कूटर मात्र नशिबात कधी ते माहीत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. १९९१ नंतर कर्ज सोपं झालं. १९९८ मध्ये टाटांनी इंडिका आणली, तीही आपल्या पिंपरीत बनलेली. मग चाकणला १९९९ पासून बजाज, २००९ मध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. देशभराला गाड्या पुरवणारं हे गाव, आणि इथल्या बिल्डिंगांखाली त्या लावायला जागा नाही. आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. खालचे खांब स्कूटरच्या हिशोबाने उभे आहेत. त्या दोन खांबांमध्ये आता एक कार आणि एक स्कूटर अंग चोरून बसतात.

बरं, मग ती जागा कायद्याने कोणाची? इथे खरी गंमत आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीत असाच वाद झाला होता. बिल्डरचं म्हणणं, स्टिल्टखालची २५ पार्किंग माझी, मी कोणालाही विकेन. प्रकरण सिटी सिव्हिल कोर्ट, हायकोर्ट करत सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३१ ऑगस्ट २०१० ला निकाल लागला. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार बिल्डर फ्लॅट विकू शकतो. स्टिल्टमधलं पार्किंग हा सामाईक भाग आहे, तो वेगळा विकता येत नाही. (रेरा आल्यापासून नव्या प्रोजेक्टमधल्या झाकलेल्या पार्किंगचे नियम वेगळे आहेत. आमची बिल्डिंग जुनी.)

म्हणजे मालकांच्या पावतीला फारसा अर्थ नाही. पण थांबा, "वीस वर्षं इथेच लावतोय" या काकांच्या दाव्यालाही नाही! जागा सोसायटीची. वाटप सर्वसाधारण सभेने ठरवायचं, आणि गाड्या जास्त, जागा कमी असतील तर ठरावीक मुदतीसाठी सोडत काढायची, असं आदर्श उपविधी सांगतात.

आणि मी? मी तर तिसऱ्याच रांगेत. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण कागदावर असतो 'लायसन्सी'. १९७३ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणारे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. घरमालकांनी जी धास्ती घेतली ती आजपर्यंत. ११ महिन्यांच्या करारामागे तीही आहे. १९९९ च्या नव्या कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. माझा करार काढून वाचला. पंखे किती, ट्यूबलाईट किती, सगळं आहे. पार्किंगबद्दल एक शब्द नाही. हुश्श!

जपानमध्ये १९६२ पासून कायदाच आहे, की गाडी घ्यायच्या आधी ती ठेवायला जागा असल्याचा दाखला आणा. आपण उलटं केलं. आधी गाडी, मग जागा, मग सेक्रेटरीला पत्र.

रविवारी संध्याकाळी काकांची बेल वाजवली. भांडायला नाही, विचारायला. काका मला खाली घेऊन गेले. खांबाजवळ कव्हर घातलेली चेतक. "सहा वर्षं थांबलो होतो हिच्यासाठी," म्हणाले. मग किक मारायच्या आधी त्यांनी सवयीने स्कूटर एका बाजूला कलती करायला घेतली, आणि हँडल माझ्या कारच्या दाराला टेकलं. "बघ. कलती केल्याशिवाय ही चालू होत नाही. आठवडाभर भाजी आणायला रिक्षाने जातोय."

मला काय बोलावं कळेना. दोन दिवस मी जागा कोणाची ते शोधत होतो, आणि काकांना हवे होते दोन फूट.

"मला का नाही सांगितलंत काका?"

"तू भाडेकरू. तुला सांगितलं तर वाटायचं, म्हातारा सभासद असल्याचा रुबाब करतोय."

यावर काय बोलणार! आता मी कार पलीकडच्या खांबाला घासेल इतकी सरकवून लावतो, आणि उतरतो उजवीकडून, पोट आत घेऊन. सेक्रेटरींना दोघांच्या सह्यांचं पत्र दिलंय, की पुढच्या सभेत सोडत काढा. सभेत मला मत नाही, सोडतीत माझा नंबर लागेलच असंही नाही. आणि मालकांना ती पावती बिनकामाची आहे हे अजून सांगायचं आहे.

ते पुढच्या शनिवारी. :)