हजेरीपुस्तक ते घरकुल

माझ्या आजोबांचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा चढले ते पोलीस पाटलाच्या हजेरीपुस्तकात. आम्ही सातारा जिल्ह्यातले कैकाडी. टोपल्या विणायच्या, गाढवावर बिऱ्हाड लादायचे, पुढचे गाव गाठायचे. गुन्हेगार जमाती कायद्याने या फिरण्यालाच गुन्हा ठरवले.

त्या सरकारनेही बेघरांवर पैसा खर्चला, हे आपण विसरतो. सोलापूरची सेटलमेंट एका अर्थाने निवाऱ्याचीच योजना होती. तारेच्या कुंपणाआड छप्पर, गिरणीत काम. तिचे यश अहवालात मोजत : पळाले किती, शिक्षा किती जणांना झाल्या. आतला माणूस कसा जगतो, याला रकाना नव्हता.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. मोजण्याची सवय राहिली.

२०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. जोते झाले, फोटो काढा. भिंती चढल्या, फोटो काढा. मग पुढचा हप्ता. पैसा कामाशी बांधणे मला गैर वाटत नाही. कागदावरच उभी राहिलेली घरकुले आपल्याला ठाऊक आहेत. पण ही मोजणी जोत्यापासून सुरू होते. भूमिहीनाला राज्याने जागा द्यावी, असे नियम सांगतो. मात्र जागा मिळवणे हे वर्षानुवर्षांचे काम. उद्दिष्ट गाठायचे म्हटल्यावर कचेरी आधी जागावाल्याच्या दारात जाते. त्यात कारकुनाचा दुष्टावा नसतो, मोजमापच तसे आहे.

शिवाय ६० टक्के घरे अनुसूचित जाती-जमातींना. कैकाडी नागपुरात अनुसूचित जातीत, साताऱ्या-सांगलीत विमुक्तांत!

विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली. वीस कुटुंबांची वसाहत, २६९ चौरस फुटांचे घर. माझ्या मामांची पाले मिरजेकडच्या रस्त्याला. बिऱ्हाडे सतरा. गायरान मागायला मी सोबत गेलो, तेव्हा एका गावाच्या ग्रामसभेत एकच प्रश्न आला : "हे इथले कधीपासून?" मी सांगलीत इतिहास शिकवतो, मला उत्तर देता आले नाही.

यश मोजायचेच तर पालांपासून मोजावे. गेल्या साली तालुक्यात किती होती, यंदा किती उरली? पण पाले उठवून लावली तरी आकडा घटतोच. म्हणून उठलेले बिऱ्हाड कुठे गेले, तेही नावानिशी लिहावे लागेल. हे मामांना सांगितले, तर ते म्हणाले, "म्हणजे पुन्हा हजेरी का रे, भाच्या?"