दाराआडचा खुराक

पहाटे चारला माय मला हलवून उठवायची. आतल्या खोलीत ज्वारीची कणगी होती. तिच्या आडोशाला चिमणीच्या उजेडात कुंडी मांडलेली असे. रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचे. खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडे घालून कडुलिंबाच्या सोट्याने ते लोण्यासारखे होईपर्यंत घोटायचे. मग त्यात म्हशीचं दूध. पितळी तांब्या मी उभ्यानेच रिकामा करी. तोवर माय दाराला पाठ लावून बसलेली असे. "तोंड पूस, अन् मगच भाईर जा," एवढंच ती म्हणायची.

हे १९७४ सालचं. गाव सिरसाळा, परळीहून बीडकडे निघालं की वाटेत लागणारं. मी तेव्हा अठरा वर्षांचा आणि ६१ किलोंचा होतो. १९७८च्या जत्रांच्या हंगामात मी ८३ किलो भरलो. हे बावीस किलो मी ठरवून, मोजून अंगावर चढवले, आणि ते कसे चढले हे गावाला कळू नये म्हणून आमच्या घराने चार वर्षं तोंड मिटून ठेवलं.

कुस्तीवर लिहिणारे मैदानांवर, गदांवर, डावांवर लिहितात. खुराकावर लिहिलं तर आकडे लिहितात: इतके लिटर दूध, इतके बदाम. तो खुराक कुठे बसून खाल्ला, कोणापासून लपवला आणि का, हे लिहिलेलं मला सापडत नाही. मी आता सत्तरीला टेकलो आहे. त्या बंद दाराबद्दल सांगू शकतील अशी माणसं एकेक करून जात आहेत, म्हणून लिहितो.

पैलवानाला मुद्दाम पोसायची रीत आमच्या मुलखात फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आमचा मुलूखही तेव्हा त्याच राज्यात होता. सोमेश्वराचं बिरुदच 'भूलोकमल्ल'. त्याच्या ग्रंथात मल्लविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती कशा लावायच्या, त्यांच्याकडून मेहनत कशी करून घ्यायची, त्यांना डाळी, मांस, दूध, तूप कसं पुरवायचं, हे राजा स्वतः सांगतो. इथे खुराक झाकायचं कारणच नव्हतं. मल्लाचं भरलेलं अंग ही राजाच्या कोठाराची शोभा होती.

कोल्हापुरातही तेच झालं. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. १९०२च्या विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं आखाड्याचं भव्य मैदान पाहिलं आणि त्या धर्तीवर खासबाग बांधलं. १९१२मध्ये ते मैदान कुस्त्यांनी खुलं झालं. महाराजांनी तालमी उभ्या केल्या, उत्तरेतले नामांकित मल्ल आणून ठेवले आणि त्यांच्या खुराकाचा भार संस्थानावर घेतला. दरबाराचं दूध पिणाऱ्याला दार लावावं लागत नाही.

आमच्याकडे मात्र शाहू महाराज नव्हते. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तो १७ सप्टेंबर १९४८ला सुटला. निजामी फौजेबरोबर आलेल्या अरबांचे वंशज, चाऊस मंडळी, इथेच राहिली, आणि त्यांच्यातही कुस्तीचा नाद पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पुढे बीडच्या सईद चाऊसने महाराष्ट्र केसरीची गदा आणली तेव्हा मला नवल वाटलं नाही, अभिमान वाटला. पण खेड्यातल्या तालमीला ना संस्थान, ना सावकार. रानं काळी, म्हणून हौद्याची तांबडी मातीसुद्धा बाहेरून बैलगाडीत आणावी लागे. पैलवान पोसायचा तो घराने. आणि घर कसलं, तर कोरडवाहू पाच एकर, एक म्हैस आणि सहा महिने उसाच्या फडावर जाणारी माणसं.

आमचे आबा आणि थोरला भाऊ कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जायचे. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून आधी किराणा भरला जायचा, मग देणी, आणि मग आबा परळीच्या मोंढ्यातून बदामाची पुडी आणायचे. ती पुडी धोतराच्या सोग्यात बांधून घरी येई. म्हणजे माझ्या अंगावर चढणारं मांस आबांनी अजून न तोडलेल्या उसाच्या उसनवारीवर चढत होतं. वजन करायलाही मी त्याच मोंढ्यात जात असे. वस्तादांच्या ओळखीचा एक हमाल होता. आडतीवर गर्दी व्हायच्या आत तो मला पोत्यांच्या काट्यावर उभं करी. समोरच्या पारड्यात वीस-वीस किलोंची मापं पडायची. आकडा तो फक्त वस्तादांना सांगे.

खुराक का झाकायचा, याचं पहिलं कारण मला वस्तादांनी सांगितलं होतं. "सांगितलेला खुराक अंगी लागत नसतो," ते म्हणायचे. दृष्ट लागते हा विश्वास सगळ्या तालमीत होता, आणि आहे. दूध पिताना पाठ करावी, तुपाची वाटी पदराखाली आणावी, कोणी "अंग भरलं की रे" म्हणालं तर माय संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकी. मोहऱ्या तडतडल्या की तिचा जीव खाली पडे.

दुसरं कारण रोकडं होतं. जत्रेच्या फडात वजनाचे गट नसतात. पंच आणि दोन्हीकडचे वस्ताद पोरांना शेजारी उभं करून नजरेनं जोड लावतात. समोरच्या वस्तादाने तुमचं अंग जोखलं, तर तो तोलामोलाचा गडी मागतो किंवा जोडच मोडतो. म्हणून आम्ही सैल सदरे घालून फिरायचो. हंगामापूर्वीचे दोन महिने मी नात्यातल्या लग्नांनाही गेलो नाही. १९७८ला एका जत्रेत शेवटून दुसरी कुस्ती माझी लागली. सदरा काढला तेव्हा कडेला बसलेल्या माणसांतून उठलेला हुंकार अजून कानात आहे. सातव्या-आठव्या मिनिटाला ढाक लावून मी चितपट केली. फेटा, नारळ आणि इनामाची रक्कम घेऊन घरी आलो. माय रडली. धाकटी बहीण दारात उभी राहून नुसती बघत राहिली.

तिसरं कारण कोणीच सांगितलं नव्हतं. ते समजायला मला चाळीस वर्षं लागली, आणि त्यासाठी १९७२कडे मागे जावं लागतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. सोळा वर्षांचा मी आणि चौदा वर्षांची बहीण दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी हेच अन्न. तालमीच्या हौद्यातली माती भेगाळली. जोर मारायला अंगात बळ कुणाच्या होतं? त्यातून गाव उठलं, पण घराघरात पोटाची आठवण ताजी होती. आणि दोनच वर्षांनी त्याच गावात, शेजारच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, एक पोरगा रोज तीन लिटर दूध आणि शंभर बदाम रिचवत होता.

ते दार मायने दृष्टीच्या भीतीने लावलं नव्हतं, जोडीच्या हिशेबानेही नाही. ज्यांच्या पोरांना दुधाचा थेंब मिळत नाही त्यांच्या डोळ्यांसमोर पोराने तांब्या तोंडाला लावावा, हे तिला सोसत नव्हतं. भुकेचा तेवढा मान तरी राखायचा, म्हणून दार. राजाच्या घरचा खुराक दिमाखात मिरवला गेला. आमच्या घरचा खुराक लाजेने दाराआड गेला. मल्ल तोच, दूध-बदामही तेच. फरक होता तो पोसणाऱ्याच्या ताटात काय उरतं याचा.

स्पर्धांच्या कुस्तीत मातीच्या जोडीला मॅट आली आणि वजनाची रीत पालटली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोंच्या गटात. तिथे वजन गटात बसवावं लागतं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ची, महाराष्ट्र केसरी १९६१पासूनची. त्या किताबाच्या खुल्या गटाला आता ८६ ते १२५ किलोंची मर्यादा आहे, म्हणून तिथे पोचायला अजूनही अंग भरावंच लागतं. बाकीच्या गटांत मात्र मल्ल वजन उतरवण्यात झिजतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोंपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्या दिवशी मी दूरदर्शनसमोरून उठू शकलो नाही. मोंढ्यातल्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम वाढले म्हणून वस्तादांनी माझी पाठ थोपटली होती.

त्या बावीस किलोंचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९८१ला गुडघा गेला, मेहनत सुटली. भूक सुटली नाही. अंग ढिलं पडलं, पन्नाशीत साखर लागली. माझ्या जोडीच्या कित्येक गड्यांचं हेच झालं. अंग कसं चढवायचं हे तालमीने शिकवलं होतं. ते उतरवायचं कसं, हे शिकवायची पद्धतच नव्हती. सगळं दाराआड चाललेलं असल्यामुळे विचारायचंही कुणी कुणाला नाही.

आज सिरसाळ्याच्या रस्त्याला वीटभट्ट्या लागल्या आहेत, परळीच्या औष्णिक केंद्राची राख त्यांत मिसळते. जिममध्ये जाणारी पोरं पावडरीचे मोठे डबे मोटारसायकलवर मिरवत नेतात. ती काही लपवत नाहीत याचा मला आनंद आहे. पण त्या डब्याचे पैसे कोण भरतं, हे अजूनही झाकलेलंच असतं.

मागच्या भाऊबीजेला बहिणीपाशी मी हा विषय काढला. म्हटलं, "बाई, तुला तेव्हा ठाऊक होतं का गं, मी आत काय खायचो?"

ती ओवाळणीचं ताट पुसत होती. म्हणाली, "दादा, म्हशीची धार कोण काढायचं? मीच की. अन् बदामाची सालं माय म्हशीपुढं टाकायला द्यायची मला. मी न्यायचे गोठ्यात. तिथं बसून मीच खायचे. तुरट लागायची, पण वास लई चांगला."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तिने ताट देव्हाऱ्याशी ठेवलं आणि नातवाला हाक मारली.

आता मी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसतो. पोराला घेऊन आईबाप येतात, खुराक काय द्यायचा म्हणून विचारतात. दूध, बदाम, अंडी मी सांगतोच. पण त्याआधी विचारतो, घरात याच्या पाठची अजून कोण आहेत, आणि त्यांच्या ताटात काय असतं?