ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल काळे पडले म्हणजे बदलायलाच हवे का?

ट्रॅक्टरमधील इंजिन ऑइल बदलायची वेळ झाली की नाही, हे बहुतेक जण त्याच्या रंगावरून ठरवतात; आणि डिझेल इंजिनाच्या बाबतीत नेमकी हीच खूण सर्वांत कमी भरवशाची आहे. ज्वलनातून निघणारी काजळी इंजिनाच्या भागांवर साचू नये, म्हणून ती तरंगत धरून ठेवणारी रसायने ऑइलमध्ये मिसळलेली असतात. त्यामुळे नवे ऑइलही थोड्याच तासांत काळे दिसू लागते. ते आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरे माप कामाच्या तासांचे. थ्रेशर किंवा पंप चालवताना ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा असला, तरी इंजिन फिरतच असते. म्हणूनच त्याला तास मोजणारा मीटर दिलेला असतो. अनेक मॉडेलांत सुमारे २५० तासांनी ऑइल बदलण्यास सांगितलेले असते, नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल मात्र ५० तासांच्या आसपास येतो. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. धुळीतले काम जास्त असेल, तर बदल त्याहून लवकर करणे हिताचे. मीटर बंद पडला असल्यास (आणि तो बऱ्याचदा बंदच असतो!) रोजचे तास वहीत टिपून ठेवावेत.

दैनंदिन तपासणीसाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा आणि इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी. ऑइल दोन खुणांच्या दरम्यान असावे. कमी असल्यास भर घालावी. मात्र भर घातल्याने जुने ऑइल नवे होत नाही.

पातळी घटण्यापेक्षा ती आपोआप वाढणे अधिक चिंतेचे. ऑइल पातळ झाले असून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन आत झिरपत आहे. ते दुधाळ किंवा चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. हेड गॅस्केट निकामी होणे हे त्याचे नेहमीचे कारण. या दोन्ही स्थितींत नुसते ऑइल बदलून भागत नाही. बिघाड सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये, कारण वंगणाची पकड सुटली की बेअरिंग धरतात आणि ऐन पेरणीत इंजिन खोलण्याची वेळ येते. ऑइलमध्ये चकाकणारे धातूचे कण दिसले, तरीही मेकॅनिकला दाखवावे.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळही वाहून जातो. फिल्टरही त्याच वेळी बदलावा. जुन्या फिल्टरमधील घाण नव्या ऑइलमध्ये उतरते.

उरलेले जळके ऑइल वाळवीसाठी लाकडांना फासण्याची किंवा बांधावर ओतण्याची रीत जुनी आहे. मात्र २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.